ड्वेनचा मासा

मार्लिस आमच्या गावची शाळेची बस चालवते. बर्फात रस्ता कुठला नि तळं कुठलं हे कळत नाही, तिथून ही बाई पोरं सुखरूप घरी पोचवते. दारूला शिवतसुद्धा नाही. आणि तिच्यावर कुणी 'केली समर्स' नावाची भवानी गावाच्या फेसबुक पानावर रोज गरळ ओकायला लागली: मार्लिस पिऊन बस चालवते, तोंडाला वास मारतो, मी स्वतः बघितलंय.

केलीला कुणी बघितलं नव्हतं. फोटोतले दात इतके पांढरे, की आमच्या गावचे नव्हेतच. तरी लोकांनी ठेवला ना विश्वास! आईबाप पोरांना स्वतः गाडीने सोडायला लागले नि शाळेने मार्लिसला घरी बसवलं.

"अगं, रक्त तपासलं ना? काही निघालं नाही ना?" मी विचारलं. तळ्याकाठी माझं गळ-आमिषांचं दुकान आहे, तिथे ती येऊन बसली होती.

"नाही निघालं. पण पालक नको म्हणाले तर नोकरी गेलीच." ती आमिषाच्या डब्यांकडे बघत राहिली. माझं डोकंच फिरलं.

त्याच आठवड्यात मी दुकानाच्या पानावर ड्वेन टॉर्गरसनचा फोटो टाकला. गेल्या हिवाळ्यात त्याने बर्फाला भोक पाडून भलामोठा पाइक मासा काढला होता. माझा भाऊ ऑर्विल जात्याच आगाऊ. त्याने खाली लिहिलं, "बाजारातून विकत आणलाय."

आमच्याकडे माणसाच्या बायकोला नावं ठेवा, चालेल. माशाला नाही! लगेच उत्तर आलं: "विकत? गाढवा, माझ्या या हातांनी ओढलाय मी!"

लिहिणारी कोण? केली समर्स.

रागाच्या भरात ड्वेनबाबा केलीचं खोटं खातं बदलायलाच विसरला. मेल्याचं दुखणं मला लगेच कळलं. पोरं उतरताना बसची 'थांबा'ची लाल पाटी बाहेर असताना हा गाडी थांबवायची सोडून बस ओलांडून गेला होता, मार्लिसने तक्रार केली नि याला दंड बसला होता. त्याने उत्तर पुसलं, पण तोवर मी त्या उत्तराचा फोटो काढून ठेवला होता, तो शेरीफच्या पोलिसांकडे दिला. चौकशीत केलीचं खातं ड्वेनच्या घरातलंच निघालं.

कोर्टात त्याचा वकील म्हणाला, "ते उत्तर कुणीही लिहिलेलं असू शकतं."

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून ड्वेनकडे बघितलं. "तो अठरा पौंडी मासा तुमचाच ना?"

"बावीस, बाईसाहेब! मीच तर लिहिलं होतं ना, माझ्या हातांनी ओढलाय म्हणून!"

वकिलाने कपाळावर हात मारला. छळाचा गुन्हा शाबित झाला. दंड, देखरेख, मार्लिसच्या वाटेला कुठल्याही नावाने गेलास तर सरळ तुरुंग, आणि गावाच्या पानावर स्वतःच्या नावाने माफी.

सोमवारी मार्लिसची बस पुन्हा माझ्या दुकानासमोर थांबली. पालक गोड हसत उभे. एकीने तर घरी केलेला केक आणला होता.

"मार्लिस, आम्हाला ते कधी खरं वाटलंच नव्हतं गं!"

"हो का?" मार्लिस खाली उतरली आणि त्या केकवालीच्या नाकाजवळ तोंड नेऊन आ वासला. "हाऽऽ! घे वास. नीट घे. मग पोरं चढव."

कुणाला सोडलं नाही तिने. एकेकाला नाक पुढे करावंच लागलं. पोरं केव्हाच आत जाऊन बसली होती.