धुतलेला देखावा

मी देखावा बोलतोय. बोलतोय म्हणजे, आत्ता कुठे बोलू लागलोय. मधे माझी वाचाच बसली होती. झालेलं आठवलं की अजूनही माझ्या रुळांतून काटा सरसरत जातो.

देखावा म्हटलं की लोकांना वाटतं, चार दिवस मांडायचा आणि मग गुंडाळून माळ्यावर फेकायचा. मी तसला नाही. मी एक रेल्वे स्टेशन आहे. मागे डोंगर, डोंगरात बोगदा, बाजूला मालधक्का, आणि हे सगळं एका पलंगाएवढ्या फळीवर. माझा स्टेशनमास्तर तुमच्या बोटाच्या पेरापेक्षाही लहान आहे, पण टोपी घालून उभा असतो. फलाटावर एक बाई वर्षानुवर्षं गाडीची वाट पाहतेय. गाडी येते, जाते, ती काही चढत नाही. तिचे पाय डिंकाने चिकटवलेत.

मला दादाने केलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आई त्याला म्हणायची, "अरे, दिवसभर यंत्रांत असतोस, घरी आल्यावर तरी गप बस की." तो म्हणायचा, "आई, दिवसभर नुसतं वर-खाली, वर-खाली. घरी तरी काहीतरी आडवं जाऊ दे."

घरात माणसं तीन. आई, दादा आणि धाकटा. आणि मागच्या खोलीत मी.

माझा डोंगर म्हणजे तारेची जाळी, त्यावर जुने पेपर आणि त्यावर प्लॅस्टर. माझी खडी त्याने रस्त्याच्या कडेवरून आणली, धुतली आणि चाळली.

"माझी चहाची गाळणी कुठे गेली?" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"स्टेशनवर," दादा म्हणाला.

एकदा तो घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "आई, आज दोन वाघिणी आणल्या!" आई पदर सावरत खुर्चीवर चढायच्या बेतात होती. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे तिला त्या दिवशी कळलं. मग कितीतरी दिवस ती शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे वाघिणी आहेत, पण गुणी आहेत बिचाऱ्या."

दादासारखे आणखी काही वेडे शहरात होते. त्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एकदा ते कोणाच्या तरी घरी जमायचे आणि एकमेकांना विचारायचे, "महिनाभरात काय झालं?" कोणी म्हणायचं, दोन झाडं लावली. कोणी म्हणायचं, एका रुळावरून दुसऱ्यावर सांधा बदलताना इंजिन अडखळायचं, ते आता अडखळत नाही. एकाने महिनाभरात फक्त फलाटावर एक नळ बसवला होता. सगळ्यांनी तो नळ वाकून वाकून पाहिला. डॉक्टर तर म्हणाले, "वा! गळत असेल असं वाटतंय." तो माणूस आनंदाने लाल झाला. हे डॉक्टर दातांचे. दुसऱ्यांच्या तोंडात डोकावून कंटाळा आला की ते बोगद्यात डोकावत. आणि एक होत्या भूगोलाच्या बाई. त्यांच्यासारखी झाडं कोणालाच जमायची नाहीत.

धाकट्याला मात्र माझ्या खोलीत यायची बंदी होती. तो हाताचा घाईचा. शाळा त्याने लवकरच सोडली, आणि गाड्या धुण्याच्या कामाला लागला. कामात वाघ, पण सबुरी नावाला नाही. मी नवा होतो तेव्हा एकदा त्याने इंजिन असं काही सोडलं की ते वळणावरून थेट फरशीवर. तेव्हापासून दाराला कडी. आईसुद्धा चहाचा कप दाराच्या फटीतूनच द्यायची.

"पूर्ण झाला की दाखवीन," दादा म्हणाला. "मंडळाच्या प्रदर्शनात. सगळ्यांसमोर पडदा काढायला तुलाच लावीन, बस?"

"तोवर काय बंद दाराकडे बघत बसू?"

"बस. दाराला हात लावलास तर बोटं मोडीन."

धाकट्याने मला शेवटचं पाहिलं ते असं: इंजिन हिरवंगार, वाघिणी लालभडक, स्टेशनाचं छत चकचकीत. हे लक्षात ठेवा. सगळा घोटाळा इथेच आहे.

कारण त्यानंतर दादाने मला मळवायला घेतलं.

पहिल्या दिवशी मी हबकलोच. इतकं नटवलं, रंगवलं, आणि हा माणूस खडू किसून त्याची करडी पूड माझ्या फलाटावर टाकतोय! पण तो माझ्याशी बोलत बोलत करायचा. "नवं कोरं स्टेशन कुठे असतं का रे? कोणी तिथे कधी आलंगेलंच नाही असं वाटतं." मग त्याने वाघिणींच्या कडांना गंज लावला. सगळीकडे नाही, जिथे पाणी साचेल तिथेच. मालधक्क्यावर जिथे पोती ओढली जातील तिथे ओरखडे काढले. छताच्या पन्हाळीखाली ओघळ उतरवले. बाकाची एकच बाजू झिजवली, कारण सावली त्या बाजूला पडते म्हणे. एकेका वाघिणीला त्याला आठवडा आठवडा लागायचा. आणि हळूहळू मला कळलं, की आजवर मी खेळणं होतो. आता माझ्यात माणसं राहून गेल्यासारखी वाटू लागली होती.

सगळं मनासारखं झालं की वरून एकदाच पक्का फवारा मारायचा, म्हणजे पूड कायमची बसेल, असं तो ठरवून होता. तो फवारा राहिला.

एका सकाळी त्याने गोदामाचं छत चिकटवलं, त्याला कपड्यांचे चिमटे लावले, आणि "संध्याकाळी काढतो" म्हणून कामावर गेला. संध्याकाळी तो आलाच नाही. माणसं आली. पुष्कळ माणसं. भिंतीपलीकडे आईचा आवाज असा आला की मला तो आईचा वाटेना. काम करता करता तो खाली बसला तो पुन्हा उठलाच नाही, एवढंच मला बोलण्यातून कळलं. आजार नाही, ताप नाही. सकाळी शीळ घालत गेलेला माणूस! मी चिमट्यांकडे बघत राहिलो. डिंक कधीच वाळला होता.

पुढे बरेच दिवस दार उघडलं नाही. मग एकदा कडी वाजली.

धाकटा दारातच थांबला. त्याने दिवा लावला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. हिरवं इंजिन काळवंडलेलं. वाघिणींना गंज. सगळीकडे धूळ, ओघळ, काजळी.

"आई!" तो ओरडला. "आई, इकडे ये!"

आई आली. दोघं माझ्यापुढे उभी राहिली.

"हे काय झालंय गं? किती सुंदर होतं हे. त्याने हे असं पडू दिलं? कडी लावून आत नुसता बसत होता की काय?"

 आईने फळीची कड घट्ट धरली.

"त्याचं काहीतरी बिनसलं होतं, आई. त्याचं मनच उडालं होतं. आणि आपल्याला पत्ता नाही. मी रोज या दारावरून जात होतो गं!"

अहो, मला तेव्हा तोंड असतं तर! मी ओरडून सांगितलं असतं, की वेड्यांनो, तो इथे बसून गाणी म्हणत होता. एक ओघळ मनासारखा उतरला की स्वतःच्याच मांडीवर थाप मारत होता. पण मी पडलो लाकूड आणि प्लॅस्टर.

त्या दिवसापासून आई जेवायची बंद झाल्यासारखीच झाली. पोरगं आत कुढत होतं आणि आपण बाहेर भाजी निवडत बसलो, हे एकच तिच्या डोक्यात.

प्रदर्शन जवळ आलं होतं. धाकट्याने ठरवलं, दादाचा देखावा तिथे जाणार म्हणजे जाणार. आणि असा कळकट नाही जाणार.

तो कामावरून फेसाचं पाणी घेऊन आला, मऊ कापडं, दाताचे जुने ब्रश, कापसाचे बोळे. मला कळलं तो काय करणार आहे. मी गारठलो. पहिलं कापड इंजिनावरून फिरलं आणि एका हातासरशी पंधरा दिवसांची काजळी गेली.

हात मात्र असे हळुवार होते की विचारू नका. गाड्या धुणारा हात, पण त्या दिवशी तो लहान मुलाला आंघोळ घालावी तसा फिरत होता. बाकाखालचं पुसलं. पन्हाळी पुसली. स्टेशनमास्तरची टोपीसुद्धा कापसाने टिपली. पुसता पुसता तो रडत होता आणि म्हणत होता, "झालं बघ दादा. झालंच बघ आता." माझी धूळ जात होती, माझी वर्षं जात होती, आणि मी असा उभा होतो. ज्याचा जीव माझ्यावर जडला होता त्याचं काम, ज्याचा जीव त्याच्यावर जडला होता तोच पुसून काढत होता. राग तरी कोणावर काढू?

आई येऊन उभी राहिली. मी लखलखत होतो. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा हसली. "असंच केलं होतं माझ्या पोराने," ती म्हणाली. त्या रात्री ती पोटभर जेवली.

मग मंडळाची माणसं मला न्यायला आली. डॉक्टर पुढे, बाई मागे. दारातून आत पाऊल टाकलं आणि डॉक्टर थबकले ते थबकलेच.

"धुतलं?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"हो, याने धुतलं," आई कौतुकाने म्हणाली. "एकट्याने. बघा ना, कसं नव्यासारखं केलंय."

बाईंनी डॉक्टरांचा हात दाबला. "हो," त्या म्हणाल्या. "अगदी... नव्यासारखं."

आई चहा ठेवायला गेली. धाकटा खुळा नव्हता.

"काय झालं? माझ्याकडून काही तुटलं का? तुटलं असेल तर सांगा, जोडून देतो."

"तुटलं नाही रे." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "ती धूळ, तो गंज... तो खरा नव्हता. ते त्याचं काम होतं. गेले कित्येक महिने तो तेवढंच करत होता."

धाकटा आधी हसला. "चेष्टा करता का डॉक्टर? घाण कोणी मुद्दाम लावतं का?"

डॉक्टरांनी खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला. लांब दांडीचा. तो माझ्या बोगद्यात सरकवला आणि बॅटरीचा झोत मारला. "इथे तुझं कापड पोचलं नसेल. बघ."

धाकटा वाकला. त्या नखाएवढ्या आरशात त्याला माझ्या बोगद्याचं छत दिसलं. मधोमध काजळी दाट, कडांना विरत गेलेली, जशी इंजिनाच्या धुराने धरावी तशी. एका बाजूला पाण्याचा ओघळ, ओघळाखाली शेवाळाची हिरवी रेघ. जिथे कोणीही कधीही पाहणार नव्हतं, तिथे.

तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला आणि त्याने उजवा हात माझ्या फळीच्या कडेवर दाणकन आपटला. माझा सिग्नल आडवा झाला. पुन्हा हात उचलला तेव्हा बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"आईला सांगू नका," तो म्हणाला. "पाया पडतो तुमच्या. आईला हे सांगू नका."

"काय सांगू नका?" आई दारात होती. हातात चहाचा ट्रे होता.

 मी तर फळीच आहे, पण त्या क्षणी ती तीन माणसंही फळ्या झाली होती. धाकट्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी लख्खकन सरकलं. त्याचं त्यालाच नवल वाटत असावं.

"आई," तो म्हणाला, "दादाचं काही बिनसलं नव्हतं गं. तो कुढत नव्हता. तो मळवत होता!"

"काय?"

"मुद्दाम! मळलेलं दिसावं म्हणून. यात कला असते म्हणे. तो मजेत होता आई, खूप मजेत होता. विचार यांना."

"जमलं की मला फोन करायचा," डॉक्टर म्हणाले. "गंज जमला, म्हणून ओरडायचा."

आईने ट्रे खाली ठेवला. ती माझ्याजवळ आली. 

"मजेत होता," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि आपण ते धुतलं."

ती रडली की हसली, मला आजही सांगता येत नाही. दोन्ही एकदमच होतं.

डॉक्टर म्हणाले, त्यांच्याकडे फोटो आहेत, मंडळातले सगळे मिळून प्रदर्शनाआधी हुबेहूब करून देतील. धाकटा म्हणाला, "नको. हुबेहूब होईल, पण तुमचं होईल." त्याने दादाची खडूच्या पुडीची डबी उघडली, ब्रश बुडवला, आणि कोणी थांबवायच्या आत माझ्या पहिल्या वाघिणीवर टेकवला. भलामोठा डाग पडला. माझ्या मापाने तो डाग नव्हे, तळंच होतं. बाईंचा हात पुसायला पुढे गेला आणि तसाच मागे आला.

आई बघत होती. जन्मभर या दोन पोरांच्या मागे कापड घेऊन फिरलेली बाई.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "नीट मळव."

त्या प्रदर्शनात माझी जागा रिकामी राहिली. "झाला नाही अजून," असं आईनेच मंडळाला कळवलं.

आज मी अर्धा चकचकीत, अर्धा मळका उभा आहे. धाकटा सुट्टीच्या दिवशी बसतो. बाई त्याला शिकवतात, तो त्यांच्यावर वैतागतो, त्या त्याच्यावर. त्याचा गंज दादासारखा येत नाही. जरा जाड येतो. मंडळात त्याला विचारतात, महिनाभरात काय झालं, आणि तो मान वर न करता सांगतो, "एक वाघीण मळली."

तुम्ही कधी मला बघायला आलात तर या, वाका, हवं तितकं जवळून बघा. फक्त एक करा. सवयीने तोंड पुढे येईल, गाल फुगतील. तेवढी फुंकर मारू नका.