कागदाबाहेरचा सूर

दचकू नका. बोलतोय तो मीच. खिडकीजवळच्या खुर्चीवर उघड्या पेटीत एक व्हायोलिन दिसतंय ना, तेच. लाकडाला कसला आलाय धक्का, असं तुम्ही म्हणाल. पण मला एकामागून एक असे धक्के बसलेत, की मला अजून तडा गेला नाही याचंच नवल वाटतं.

मी एका सुताराच्या हातून घडलो. तो आधी खुर्च्या करायचा. माझी पाठ तासताना सारखा टिचकी मारून कान लावायचा. शेवटी तारा चढवून त्यानं पहिल्यांदा गज ओढला, तेव्हा मीच घाबरलो. कोण ओरडलं हे? माझ्या पोटात कोणी राहतंय, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

एका शाळामास्तरांनी मला आपल्या धाकट्या मुलासाठी घरी आणलं. मुलानं मला उचललं. रस्त्यानं कोणीतरी शीळ घालत गेलं होतं, ती शीळ त्यानं जशीच्या तशी माझ्यावर काढली. न शिकता! मास्तरांच्या हातातला चहा बशीत सांडला. "देवाची देणगी आहे पोराला, देणगी," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. पण देणगीला रियाजाचा कंटाळा. शिकवायला गुरुजी आले, की धाकट्याच्या पोटात दुखायचं. लहर आली तर वाजवणार, नाही तर मी आपला कपाटावर, धूळ खात.

तिथून मला खाली काढलं ते त्याच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं. तिला कोणी देणगीवाली म्हटलं नव्हतं. सुरुवातीला तिच्या हातून असे काही आवाज निघायचे, की शेजारच्या मांजरानं घर बदललं. पण ती पहाटे उठून पलटे घोटायची. तेच स्वर वर, तेच खाली, पुन्हा वर. तिच्या हनुवटीखाली काळा घट्टा पडला. पुढे रेडिओच्या वाद्यवृंदात तिला नोकरी लागली. तिथे सगळे तिला 'घड्याळ' म्हणत. कागदावर लिहिलंय ते, लिहिलंय तसंच वाजवायचं. कागदाबाहेरचा एक सूर तिनं कधी लावला नाही.

धाकटा मात्र दुसरं एक व्हायोलिन घेऊन एका हॉटेलात वाजवायचा. लोक जेवत असायचे आणि हा मनाला येईल ते छेडायचा. घरी आला की तिला चिडवायचा, "ताई, तू वाजवतेस की इस्त्री करतेस?"

"सुरकुती कुठे दिसली ते सांग," ती हसून म्हणायची.

मग ती सकाळ उजाडली. गाण्याचा कार्यक्रम स्टुडिओतून थेट प्रसारित होणार होता. लाल दिवा लागला, म्हणजे आता इथला श्वाससुद्धा घराघरात ऐकू जाणार. गायिकेनं तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. नुसती हवा. तिनं दोन्ही हातांनी गळा धरला. बाकीचे वादक एकमेकांकडे बघू लागले. काचेपलीकडून साहेब जिवाच्या आकांतानं हात हलवत होते, वाजवा, काहीही वाजवा! ताईनं कागदाकडे पाहिलं. तिच्यापुढच्या कागदावर गाण्याची साथ होती. गाणंच नाही, तर साथ कोणाला करायची?

तिनं पलटे सुरू केले. रोजचेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात घालायच्या कपड्यांत बाई चारचौघांत यावी तसं. पण दोन-चार फेऱ्या झाल्या आणि तिचं बोट एका स्वरावर रेंगाळलं. मग खाली यायचं सोडून भलतीकडेच वळलं. मी हबकलोच. अहो, हा रस्ता माझ्या ओळखीचाच नव्हता! पुढचा सूर कोणता, हे ना तिला माहीत होतं ना मला. तरी बोट दरवेळी नेमकं पडत होतं.

दिवा विझला. गायिकेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताईनं घाबरत घाबरत विचारलं, "मी काय वाजवलं?"

दिवसभर फोन खणखणत होते. साहेब म्हणाले, "बाई, पुढच्या आठवड्यात पुन्हा. कागद नको. असंच, मनातलं."

आणि ताईनं काय करावं? रियाज सोडला! "घोटून घोटूनच ते आत दबलं होतं इतकी वर्षं," ती स्वतःशीच म्हणाली. पहाट व्हायची, मी पेटीत वाट बघायचो आणि ती खिडकीत बसून ते यायची वाट बघायची. माझ्या तारा उतरल्या. कोणी विचारलं नाही.

पुन्हा लाल दिवा लागला. गज टेकला आणि काहीच आलं नाही. आलं ते मागच्या वेळचं उष्टं, तेही बेसूर. मध्येच तिचा हात थांबला. घराघरात शांतता ऐकू गेली असेल. साहेबांनी धावत जाऊन कुठलीशी रेकॉर्ड लावली.

संध्याकाळी धाकटा आला, तेव्हा माझ्या पेटीचं झाकण बंद होतं.

"नोकरी सोडतेय मी," ताई म्हणाली. "ते तुझ्यासारख्यांचं काम. माझ्याकडे चुकून आलं होतं."

त्यानं झाकण उघडलं, तारा जुळवल्या आणि मला खांद्याला लावलं. इतक्या वर्षांनी त्याचा हात! पहिल्याच सुराला माझ्या अंगावर काटा आला. सूर वर चढत गेले, चढत गेले आणि एका जागी अडखळले. त्यानं पुन्हा वाजवलं. पुन्हा तिथेच अडला. हॉटेलात अशी अडचण आली, की म्हणे तो सफाईनं दुसरीकडे वळायचा. जेवणाऱ्यांना कुठे कळतंय! त्या संध्याकाळी तो वळला नाही. आणि हा जन्मभर हसत आलेला माणूस मला मांडीवर घेऊन ओक्साबोक्शी रडायला लागला. मी सुन्न झालो.

"मला ऐकू येतं गं, सगळं ऐकू येतं," तो म्हणाला. "बोटं जात नाहीत. त्या दिवशी रेडिओवर तू जिथे गेली होतीस ना, तिथे मी मनानं कितीदा जाऊन आलोय. हातानं एकदाही नाही."

ताई त्याच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "गुणगुणून दाखव."

त्यानं गुणगुणलं. तिनं मला घेतलं. बोटांवर गंज चढला होता, एक-दोनदा हुकलं. मग त्याचा तो अडलेला सूर लागला, स्वच्छ. तो गुणगुणायचा थांबला. ती मात्र थांबली नाही.

ताईनं नोकरी सोडली नाही. आता पहाटे आधी पलटे होतात, मग थोडा वेळ काहीच न ठरवता वाजवणं. कधी काही येतं, कधी नाही. नाही आलं, तर ती निमूट पुन्हा पलट्यांकडे वळते. तिचं झालं की धाकटा येतो. केस पिकलेत त्याचे, आणि माझ्यावर पहिल्यापासून धडे गिरवतोय. भयंकर वाजवतो हो! वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी आपटतात. म्हणून एक विनंती. या खिडकीखालून जाताना तेच ते, तेच ते कानावर आलं, तर वर बघून तोंड वाकडं करू नका. आत एक माणूस आपल्याच कानांपर्यंत पोचायला निघालाय.

काल तर गंमतच झाली. तोच कंटाळवाणा पलटा चालला होता आणि खालून चौथ्या स्वराला माझ्या पोटातून असा काही आवाज निघाला, की आम्ही तिघंही दचकलो. धाकट्याचा गज हवेतच राहिला.

"हे कुठून आलं?" त्यानं विचारलं.

"विचारू नकोस," ताई कुजबुजली. "थांबू नकोस. वाजव."