प्रशिकशी कोणी बोलतच नाही

मी सक्करदऱ्याच्या अंगणवाडीत बावीस वर्षांपासून सेविका आहे. वस्तीतल्या बायांले सांगू सांगू माहा घसा बसला, की बाई, लेकराशी बोलत जा. भाजी निवडता निवडता बोल, आंघोळ घालता घालता बोल. त्याले उत्तर देता येत नाही म्हणून चूप राहू नको, ते ऐकू ऐकूच शिकते. बाया माना हालवतात. आणि माह्या घरी, माह्या सख्ख्या नातवाशी, कोणी बोलून राहिलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

झालं असं, की माहा पोरगा नागसेन चार वर्षं पुण्याच्या एका कंपनीत होता. तिथं हा 'जेवण करून राहिलो' म्हणाला की सारे हसत, मीटिंगमध्ये इंग्रजी अडखळली की पुन्हा हसत. ते त्याच्या मनाले इतकं लागलं, की प्रशिक झाला त्याच दिवशी यानं ठरवलं, माह्या पोराच्या कानावर फक्त इंग्रजी पडन. फ्रीजवर तशी चिठ्ठीच लावली. मी म्हटलं, अबे, शिकव ना इंग्रजी, कोण नाही म्हणते, पण या घरात ती घडाघडा येते कोणाले? तर म्हणे, आई, तू त्याच्यासमोर असं आपल्या बोलीत बोलशील तं मी त्याले पाळणाघरात टाकीन. मग काय, मी तोंडात मिठाची गुळणी धरली. तेव्हाच एक ठेवून द्याले पाहिजे होती मी.

सून पायल, माहेर खाप्याचं. इतकी बोलकी, की लग्नात पाहुणे म्हणत, हिले जरा श्वास घेऊ द्या बाप्पा. तिले इंग्रजी वाचता येते, पण बोलाची म्हटली की घाम फुटते. मग तिच्याजवळ उरलं काय? नो. कम. सिट. गुड बॉय. दिवसभर इतकंच. आमचे शेजारी त्यांच्या कुत्र्याशीही एवढंच बोलतात, आणि ते कुत्रं तरी शेपूट हालवते.

आठ महिन्यांचा होता तेव्हा हाच प्रशिक बा-बा, दा-दा करून घर डोक्यावर घ्यायचा. बडबड करायचा, मग थांबून आमच्या तोंडाकडे पाहायचा, की आता तुमची पाळी. इकडून उत्तरच नाही. अकराव्या महिन्यात बोट दाखवू लागला. भिंतीवरच्या पालीकडे बोट केलं की पायल मोबाईल उघडून पालीले इंग्रजीत काय म्हणतात ते शोधे. शब्द सापडेपर्यंत पाल ट्यूबलाइटमागं, आणि पोराचं बोट खाली. हळूहळू त्यानं बोट दाखवणंच सोडलं. मले सारं दिसत होतं. वस्तीत कोणाच्या घरी दिसलं असतं तं त्या बाईले मी फाडून खाल्लं असतं.

दीड वर्षाचा झाला, एक शब्द नाही. पायल त्याच्या मागं जाऊन थाळी वाजवून पाही, याले ऐकू येते का नाही म्हणून. शेवटी दवाखान्यात नेलं. तपासणी झाली, कान एकदम चांगले. डॉक्टरबाईनं इचारलं, दिवसभर याच्याशी कोण बोलतं? नागसेन मोठ्या ऐटीत म्हणाला, आम्ही घरात इंग्रजीच बोलतो. बाई पायलकडे वळली, म्हणे, काल दिवसभर याच्याशी काय काय बोललात ते आठवून सांगा. पायल बोटं मोजू लागली. चौथ्या बोटावर थांबली आणि तिले रडूच फुटलं.

"मॅडम, माह्या आईचा फोन आला तं मी गॅलरीत जाऊन, दार लावून बोलते. याच्या कानावर पडू नये म्हणून."

डॉक्टरबाई चिडली नाही. चिडली असती तं मले बरं वाटलं असतं. तिनं एवढंच सांगितलं, की लेकरं दोन काय, तीन भाषा शिकतात, पण जी तुमच्या तोंडात भरपूर आहे ती तर आधी द्या. तीन महिने बोला, मग पुन्हा आणा. नागसेननं इचारलं, बोलन नं हा? बाई म्हणाली, आजच सांगता येत नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं.

घरी आलो. मले वाटलं, आता तरी ही पोरगी बोलन. कुठची! प्रशिकसमोर वरण-भाताची वाटी घेऊन बसली, तोंड उघडे, पुन्हा मिटे. नागसेन दारात उभा, खाली मान घालून. पायल मले म्हणते, आई, काय बोलू, सवयच गेली. माह्या डोक्याची शीर उठली. पोटच्या लेकराशी काय बोलू, हे का सासूले इचाराची गोष्ट आहे?

तेवढ्यात पोरानं वाटी उलटी केली. फरशीवर वरण, पायलच्या कपड्यावर वरण. आणि ती भडकली.

"काहून सांडवलं रे पोट्ट्या? सकाळपासून एक घास नाही पोटात तुह्या, दवाखान्यात रडू रडू जीव काढला माहा, आता वरण कुठून आणू, तुह्या मामाच्या घरून?"

प्रशिक तिच्याकडे पाहतच राहिला. घरात कोणी नवीन बाई आली की पाहते तसा. मग त्या वरणातूनच तुरुतुरु तिच्याजवळ गेला आणि तिच्या ओठांवर हात ठेवला. पायलच्या डोळ्यांतून पाणी गळून राहिलं, आणि ही वेडी फरशी पुसाले फडकं घेऊन खाली वाकली.

मले राग आला, आणि रडूही आलं. मी फडकं तिच्या हातातून हिसकलं.

"राहू दे ते. मी पुसते. तू बोल."