मोटीबेनची शेवटची कॅसेट

परिषदेत मला वीस मिनिटं मिळाली होती आणि कॅसेट एकटीच सतरा मिनिटांची होती. मी आवाज बंद ठेवून ती संगणकात उतरवली आणि त्याला सांगितलं, मधल्या रिकाम्या जागा काढून टाक. त्याने निमूटपणे काढल्या. नऊ मिनिटं उरली. मी स्वतःवरच खूश झाले.

मोटीबेन म्हणजे माझ्या सासूबाईंची थोरली बहीण. लग्न होऊन परदेशी गेली आणि पत्राचा कंटाळा म्हणून वर्षानुवर्षं कॅसेटींवर बोलून पाठवत राहिली. अशा बावीस कॅसेटी सासूबाईंनी बिस्किटांच्या डब्यात जपल्या होत्या. मराठी घरातून मी या गुजराती घरात आले त्याला एकोणतीस वर्षं झाली. माझं सगळं संशोधन त्या डब्यावर उभं आहे, हे मी कुठल्याच निबंधात कबूल केलेलं नाही.

बाविसावी कॅसेट मात्र कधी वाजलीच नव्हती. या दोघींची आई गेली तेव्हा मोटीबेन आली नाही, म्हणून सासूबाईंनी अबोला धरला होता. कॅसेट आली तशी त्यांनी डब्यात टाकली आणि महिन्याभरात मोटीबेनच गेली. मग ती ऐकायची त्यांची छाती झाली नाही. या वर्षी त्यांनीच ती माझ्या हातात ठेवली. एकटीला जमायचं नाही, म्हणाल्या, तुझ्या त्या परिषदेत चार माणसांत बसून ऐकते. अट एकच, त्यांच्याआधी मी ऐकायची नाही.

गुजराती समाज आणि स्थलांतर यावरची परिषद. देशोदेशींचे साठेक विद्वान, गळ्यात नावाच्या पट्ट्या. जेवणानंतरचं सत्र, त्यामुळे निम्मे पेंगत होते. सासूबाई पहिल्या रांगेत, चपला काढून, पाय खुर्चीवर घेऊन बसल्या होत्या. मी कळ दाबली.

"नानकी, कशी आहेस?"

नानकी म्हणजे धाकटी, आमच्या सासूबाई. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मोटीबेन केव्हाच पुढे गेली होती. पुढचा प्रश्न आला, तोही तसाच निघून गेला. तिसऱ्या वेळी सासूबाई उभ्या राहिल्या.

"थांबव गं ते," त्या मला म्हणाल्या. "माझी बोलायची जागा कुठे गेली? ती विचारून थांबायची. प्रत्येक कॅसेटीत. मी स्वयंपाकघरात बसून उत्तर द्यायचे."

आधीच्या एकवीस कॅसेटी मी शंभरदा ऐकल्या होत्या. त्या जागांना 'ध्वनिमुद्रणातील खंड' असं भारदस्त नाव देऊन वर तळटीप लिहिली होती, की टेपरेकॉर्डर जुना असावा. घरात विचारायचं सुचलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी घड्याळ दाखवलं. मी तिकडे पाहिलं नाही. निबंध गेला खड्ड्यात म्हटलं आणि मूळ सतरा मिनिटं लावली.

"नानकी, कशी आहेस?" मग शांतता. सासूबाई गुजरातीतून म्हणाल्या, बरी आहे, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. तेवढ्यात मोटीबेन म्हणाली, "वा, छान."

पेंगणारे ताठ झाले. मुलं, गुडघे, शेजारीण, एकेक प्रश्न येत गेला आणि प्रत्येक उत्तराला जागा नेमकी पुरत गेली. परक्या देशातल्या खोलीत एकटी बसून ही बाई धाकट्या बहिणीचा बोलायचा वेग मनात धरून थांबत होती. असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"आई गेली तेव्हा यायचं होतं गं. नाही जमलं. रागावलीस?"

पडद्यावर आवाजाच्या आलेखाची सपाट रेघ सरकू लागली. सासूबाई गप्प. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. रेघ संपत आली.

"रागावले होते," त्या म्हणाल्या. "आता नाही."

कॅसेटीत कुणीतरी नाक ओढलं.

"तुला वेळ लागणार, ठाऊक होतं," मोटीबेन म्हणाली. "म्हणून थांबले."