काढा निवेपर्यंत

प्लेट चिलर घेण्यात व्हर्लिन हाउगनचा फायदा सरळ होता. बिअरचा उकळता काढा निववायला तांब्याच्या वेटोळ्याला चाळीस मिनिटं लागत, याला सहा. दर खेपेला चौतीस मिनिटं निव्वळ बचत. जाडजूड पुस्तकाएवढं यंत्र, आत पोलादी पत्र्यांची चवड, बाहेर चार तोंडं. न्हाऊ घातलेल्या बाळासारखं तो ते पुसत होता.

ऑरिन लुंड पालथ्या बादलीवर बसून बघत होता. तोटा कोणाचा, हे त्यानं केव्हाच ताडलं होतं. बावीस वर्षं दोघं अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या या गॅरेजात बिअर करत आले होते, आणि एवढ्या काळात बोलण्याजोगं जे काही बोलले, ते त्या चाळीस मिनिटांत. दोघांचे डोळे थर्मामीटरवर असले की जीभ सुटायची. बायकोचा कॅन्सर ऑरिननं तिथंच सांगितला, आणि पुढे ती गेल्यावरचं एकटेपणही. मुलानं बोलणं टाकलं, हे व्हर्लिननं. समोरासमोर बसवलं असतं, तर हवामानापलीकडे गाडी गेली नसती.

आज ऑरिनला काही मागायचं होतं. गुरुवारी पोटाचं ऑपरेशन. सोबत माणूस असल्याशिवाय इस्पितळात घेणार नव्हते. जन्मात कोणापुढे हात न पसरलेल्या माणसाला व्हर्लिनचा एक दिवस हवा होता.

"आता बघ गंमत, लेका!" व्हर्लिननं पंप सुरू केला.

काढा एका टोकानं आत शिरला. बागेच्या नळीचं गार पाणीही त्याच टोकानं. ऑरिनला पाहताक्षणी कळलं. तीस वर्षं कागद गिरणीत पाइप जोडले होते त्यानं; गरम इकडून तर गार तिकडून, हे तो झोपेतही चुकला नसता. पण तो गप्प बसला.

पारा शंभर फॅरनहाइटखाली येईना; यीस्ट घालायला पासष्ट हवं.

"गंडवलं वाटतं दुकानदारानं," व्हर्लिन कुरकुरला.

"परत पातेल्यात फिरव. निवेल सावकाश. बस जरा."

व्हर्लिन बसला. दोघं पाऱ्याकडे बघत राहिले. दहा मिनिटं गेली. ऑरिननं घसा खाकरला.

"व्हर्लिन, गुरुवारी तुझं काही..."

"थांब थांब!" व्हर्लिन ताडकन उठला. "अरे, दोन्ही एकाच बाजूनं! पाणी उलटं यायला हवं! आणि तू रे, पाइपवाला ना तू? डोळे मिटून बसला होतास?"

"चष्मा घरी राहिला." ऑरिननं खिशातल्या चष्म्यावर हात ठेवला.

"तरीच गिरणीत ठिकठिकाणी वाफ गळायची!"

ऑरिन हसला. हसावंच लागलं.

पाण्याच्या नळ्यांची अदलाबदल झाली. सहा मिनिटांत पारा पासष्टावर. काढा पिंपात, वर यीस्ट, झाकण बंद. हात पुसत व्हर्लिन ऑरिनसमोर उभा राहिला आणि थेट त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "हं, गुरुवारचं काय म्हणत होतास?"

ऑरिननं टोपी चढवली. "काही नाही. बर्फ पडेल म्हणतात."

उरलेला वेळ कुठं घालवावा, हे न सुचून व्हर्लिननं त्या दिवशी झाडलेलं गॅरेज पुन्हा झाडलं. बुधवारी ऑरिननं इस्पितळात फोन करून तारीख रद्द केली. पलीकडच्या बाईनं कारण विचारलं.

"सोबत यायला कोणाला वेळ नाही," तो म्हणाला.