उंदराचं पदक

मुख्याध्यापक हॅम्ब्रिक यांना एखादी गोष्ट कळेनाशी झाली की ते बैठक बोलवत. बैठकीत पेपरोनी रोलची, म्हणजे मसालेदार मांस भरलेल्या पावांची थाळी असे, आणि भिंतीवर ‘इथे प्रत्येक मूल फुलतं’ अशी पाटी. व्हर्ना कटलिप त्या पाटीकडे पाठ करून बसायची. तिच्याकडे राहणाऱ्या भाचीला, सात वर्षांच्या मार्लीला, ह्याच लोकांनी त्या हिवाळ्यात वारंवार घरी हाकललं होतं. हात वाळवायच्या यंत्राचा आवाज झाला की ती किंचाळते, म्हणून. कुणी मागून खांद्यावर हात ठेवला की बाकाखाली शिरून चावते, म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं, आणि ह्यांचं अंगण म्हणजे दर वेळी मार्ली.

व्हर्नाचं मागणं मोठं नव्हतं. वर्गात मार्लीच्या जवळ बसायला एक मदतनीस, आणि कानांवर घालायला हेडफोन. ते आज मंजूर झालं नाही, तर सोमवारपासून मार्लीची रवानगी गावाबाहेरच्या ‘दुसऱ्या इमारतीत’ होणार होती. तिथे काय शिकवतात हे कुणी सांगत नसे. दारं बाहेरून लागतात, एवढं मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तर स्वच्छ सांगितलं होतं, की हिचा मेंदू जन्मतःच वेगळ्या घडणीचा आहे, ऑटिझम म्हणतात त्याला. आणि वर लहानपणी आईच्या घरात जे भोगलं, त्याची भर. दोन पेड एकाच वेणीत आहेत. कुठला कोणता हे उकलत बसू नका, पोरीला सांभाळा. आणि ही मंडळी हिवाळाभर नेमकं तेच उकलत बसली होती, तोंडाने रोल चावत.

“व्हर्ना, आधी एक सांगते,” समुपदेशक ब्रुक म्हणाली. ती सगळ्यांशीच कुत्र्याच्या पिल्लाशी बोलावं तशी बोले. “आम्हाला मार्ली खू-प आवडते.”

“मलाही कोंबडी खूप आवडते,” व्हर्ना म्हणाली. “त्यात कोंबडीचं काय भलं होतं?”

हॅम्ब्रिकनी रुमालाने बोटं पुसली. “हे बघा व्हर्नाबाई, मी उभा जन्म पोरं हाकण्यात घालवलाय. मला डॉक्टरांची मोठी नावं नका सांगू. आज सकाळीच आमची कवायत झाली. बंदूकवाला शाळेत शिरला तर काय करायचं, त्याची. दिवे बंद, दार बंद, सगळी पोरं कपाटामागे भिंतीला चिकटून. पोरंच ती, खिदळत होती. एकाने तर पादूनही घेतलं. आणि तुमची मार्ली? दगड! हूं नाही की चूं नाही. म्हणून तिला पदक दिलं.”

“उंदराचं,” ब्रुक कौतुकाने म्हणाली. “उंदरासारखं गप्प बसल्याबद्दल.”

“म्हणजे मनात आणलं तर जमतं तिला,” हॅम्ब्रिक म्हणाले. “मग एरवीचं ते काय? सोंग! आणि सोंगासाठी मी माणूस देऊ? आत्ताही बघा की. सकाळपासून कशी गुणी बसलीय.”

सगळ्यांनी कोपऱ्यात पाहिलं. मार्ली खुर्चीवर बसली होती, हात मांड्यांखाली, छातीवर कागदाचा उंदीर. दुपारी तिने डबाही उघडला नव्हता.

व्हर्नालाही हे गुणीपण नवं नव्हतं. कवायतीच्या दिवशी पोरगी अशीच मुकाट घरी यायची, आणि व्हर्ना खुशीने तिला लोणी घातलेले नूडल्स करून द्यायची. मग संध्याकाळी न्हाणीघराच्या दारावर टकटक केली की आतून हंबरडा फुटायचा. शाळेत गुणी आणि घरी थेरं, असं व्हर्ना शेजारणीला सांगायची. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यात तीही काही कमी नव्हती.

ती उठून मार्लीपुढे गुडघ्यांवर बसली. “बाळा, एवढी गप्प कशी गं बसलीस?”

मार्लीचे ओठ जेमतेम हलले. “मावशी, हळू बोल. अजून झालं नाही.”

“काय झालं नाही?”

“टकटक. दोनदा. रिक झोपला की आई कपाटावर दोनदा टकटक करते. मग बाहेर यायचं. मग रडलं तरी चालतं. त्याच्या आधी नाही.” ती थांबली, आणि नियम पुरा सांगायला हवा म्हणून पुढे म्हणाली, “श्वास बाहीत घ्यायचा. शू लागली तर थोडी थोडी सोडायची. आवाज होत नाही.”

खुर्ची ओली होती. खालची सतरंजीही ओली होती.

मार्लीच्या आईसोबत राहणारा रिक आता तुरुंगात होता. आई कुठे होती, कुणालाच माहीत नव्हतं. ते कपाट पोलिसांनी व्हर्नाला दाखवलं होतं, आतल्या गोधडीसकट, आणि तिने तोंड फिरवलं होतं. आईने नियम केला होता जीव वाचवायला. मार्लीच्या डोक्यात नियम म्हणजे नियम. तो माणसागणिक, घरागणिक बदलत नाही. सकाळी दिवे लागले होते, दार उघडलं होतं, टाळ्या वाजल्या होत्या. टकटक तेवढी कुणी केली नव्हती.

“अगं बाई!” ब्रुकचे डोळे भरून आले. “किती चिवट आहे ही! ही तर तिची ताकद आहे, हॅम्ब्रिक सर.”

व्हर्नाला तिच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. तिने ते केलं नाही. ती टेबलापाशी गेली, थाळी बाजूला सारली आणि लाकडावर बोटांनी दोनदा वाजवलं.

मार्लीने श्वास सोडला आणि किंचाळली. सकाळपासूनचं सगळं एकदम बाहेर आलं. ती खुर्चीवरून खाली आली, टाचा आपटू लागली, छातीवरचा उंदीर तिने टराटरा फाडला. हॅम्ब्रिक ओठांवर बोट ठेवून उठले.

“खबरदार!” व्हर्ना म्हणाली. “तुमच्या कवायतीपायी पोरगी दिवसभर कपाटात बसली होती. आता तिचं होईपर्यंत बसून ऐका. मनात आणलं तर जमेल तुम्हाला.”

हॅम्ब्रिक खाली बसले. बऱ्याच वेळाने रडणं उचक्यांवर आलं. मार्ली व्हर्नाच्या मांडीवर होती, हात पाय सैल.

“मदतनीस दिली,” हॅम्ब्रिक म्हणाले, “तर तिने नेमकं करायचं काय?”

“घ्या लिहून,” व्हर्ना म्हणाली. “पहिलं काम, टकटक. दोनदा.”

त्यांनी पेन उचललं.