आम्हाला एकच मुलगी

दारावरची घंटा वाजली, तसा आईचा हात आपसूक रेडिओकडे गेला आणि आवाज वाढला. घरात लपवण्यासारखे आता कुणी उरले नव्हते. हाताची सवय मात्र सुटली नव्हती.

थोरलीला आकडी यायची. पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत कोंडायचे आणि तिचे दार ठोठावणे ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा करायचा, ही त्या घराची रीत होती. आजार कळला तर धाकट्या भावंडांची लग्ने जमणार नाहीत, म्हणून तिला डॉक्टरलाही दाखवले नाही. एका दुपारी ठोठावणे मध्येच थांबले. पाहुणे गेल्यावर दार उघडले, तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर हे घर सांगू लागले, ‘आम्हाला एकच मुलगी.’

ती एकच मुलगी, म्हणजे धाकटी, आता वैमानिक झाली होती. अंतराळवीरांच्या निवडीत शेवटच्या वैद्यकीय तपासणीपर्यंत पोचली होती. तिने दार उघडले, तर मामा उभे होते.

“काय गं, वरून मामाचं टक्कल दिसेल ना?” मामा हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, “घरातल्या आजारांचं विचारतील. थोरलीचं काढू नकोस.”

“डॉक्टरांशी खोटं बोलू?”

“खोटं कुठं? गप्प बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाहीतर तुझं उड्डाण राहील बाजूला, आणि भावाचं जमलेलं लग्नही मोडेल.”

वडिलांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. “गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?”

आईने रेडिओचा आवाज कमी केला.

तपासणी केंद्रात धाकटीला गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसवले. नंतर एकटेपणा किती सोसतो हे पाहण्यासाठी एका बंद, निःशब्द खोलीत ठेवले. तिला तिथे एकटे वाटलेच नाही. तिच्या कानांत भिंतीपलीकडून कुणीतरी ठोठावत होते. हळू, न थकता. बंद दार आतून कसे दिसते, हे तिला प्रथमच कळले. तिच्या हाताशी निदान हाक मारायचे बटण होते. थोरलीला तेवढेही नव्हते.

“घरात कुणाला फिट, आकडी?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“माझ्या मोठ्या बहिणीला. उपचार केले नाहीत. आम्ही तिला कोंडून ठेवायचो. त्यातच ती गेली.”

बाईंनी चष्मा काढला. “याने तुमची निवड अडू शकते. बोलला नसतात, तर आम्हाला कळलंही नसतं.”

“म्हणूनच बोलले.”

बाहेर येऊन तिने घरी फोन लावला. “आई, मी सांगितलं.”

निवडीचे काय झाले, भावाच्या लग्नाचे काय होणार, यातले काहीच आईने विचारले नाही.

“त्यांनी विचारलं का गं,” ती म्हणाली, “दिसायला कशी होती?”